शेवटचा फरक

"तुमचं कोण आहे आत?"

मी मान वर केली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी येऊन बसली होती. मांडीवर बॅग, बॅगेवर ओली छत्री, आणि छत्रीचं पाणी तिच्याच बुटांवर टपकत होतं. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती माझ्याकडे इतक्या कळवळ्याने बघत होती की मी जरा घाबरलो.

"कुणी नाही," मी म्हणालो.

"सांगायचं नसेल तर राहू द्या. पण इथले डॉक्टर चांगले आहेत म्हणतात. धीर सोडू नका."

"अहो, खरंच कुणी नाही. मी इथे कामाला आहे."

"मग चेहरा असा का?"

"चेहरा असाच आहे."

तिने हसू दाबलं, पण ते काही दाबलं गेलं नाही. "सॉरी हं," ती म्हणाली. "मला वाटलं, आत कुणाचं तरी ऑपरेशन चाललंय."

तो बाक हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागाबाहेरचा होता. आमच्या तळघरातल्या खोलीत सर्व्हरसाठी कायम गार हवा सोडलेली असायची. बाकामागच्या भिंतीतून गरम पाण्याचा पाइप गेला होता, म्हणून मी मधूनमधून तिथे पाठ शेकत बसायचो. त्या दिवशी सकाळपासून बारीक पाऊस होता, आणि बाहेर दिवस उजाडलाय असं वाटतच नव्हतं.

"तळघरात कुठून जायचं हो?" तिने विचारलं. "मला डेटाबेसवाल्यांकडे जायचंय. तिथे कुणीतरी जुना माणूस आहे म्हणे, त्याला भेटायला सांगितलंय."

"तो म्हातारा नाही. जुन्या डेटाबेसचा आहे म्हणून जुना म्हणतात."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"रोज दाढी करताना दिसतो."

या खेपेला ती मोकळी हसली. मी उठून तिला जिना दाखवला. अशी आमची ओळख झाली.

आज ती नाही. मागच्या थंडीत गेली. घरात बसून आठवायचं म्हटलं की मला आजारपणाचे दिवस आधी आठवतात, आणि ते मला नको असतात. म्हणून मी मुद्दाम मनाने त्या तळघरात जातो.

हॉस्पिटलने जुना डेटाबेस बंद करून नवा घ्यायचं ठरवलं होतं. रुग्णांची नावं, वॉर्ड, औषधं, पुढच्या तारखा, सगळं त्यात असायचं. शिवाय त्यात फंक्शनं असायची. फंक्शन म्हणजे एक लहानसं यंत्र समजा. एका बाजूने आजची तारीख घातली की दुसऱ्या बाजूने पुढची तारीख बाहेर पडते. नावाचे तुकडे घातले की पूर्ण नाव बाहेर पडतं. दोन्ही डेटाबेसांत अशी यंत्रं होती, कधीकधी नावंही तीच, पण वागणं वेगळं. जुना कसा वागतो ते मी सांगायचं, आणि नव्याला हुबेहूब तसं वागायला तिने शिकवायचं. रोज सकाळी सगळ्या रुग्णांची माहिती दोन्हींतून चालवायची आणि उत्तरं शेजारीशेजारी ठेवायची. जिथे जुळणार नाहीत, तो फरक.

फरक शून्यावर आले की नवा सुरू होणार होता आणि जुना बंद. जुन्याबरोबर माझी नोकरीही. ती नव्या कंपनीकडून आली होती. तिचं काम संपलं की ती तिच्या गावाला परत जाणार होती. रात्रभराच्या प्रवासाइतकं लांब होतं ते.

पहिल्याच दिवशी निम्मे रुग्ण बिननावाचे झाले.

"तुमच्या जुन्याला मधलं नाव नसलं तरी चालतं?" तिने विचारलं.

"चालतं. असेल ते जोडतो, नसेल ते सोडून देतो."

"माझ्या नव्याला नाही चालत. एक तुकडा माहीत नाही, म्हणजे पूर्ण नावच माहीत नाही, असं त्याचं म्हणणं."

"हट्टी आहे."

"तत्त्वाचा आहे."

"हॉस्पिटलात तत्त्व काय कामाचं? रुग्णाला हाक मारायची असते."

ती खुर्ची वळवून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढा वेळ गप्प होता, आणि बोललात ते एकदम टोमणाच."

दुसऱ्या आठवड्यात वॉर्डांच्या खुणा एकेका अक्षराने आखूड निघायला लागल्या. कुणीतरी फार पूर्वी शून्याव्या अक्षरापासून मोजायला सांगणारा कोड लिहून ठेवला होता. शून्यावं अक्षर असतं कुठे? पण जुना डेटाबेस म्हणायचा, पहिलंच म्हणायचं असेल बिचाऱ्याला, आणि पहिल्यापासून द्यायचा. नवा शून्य धरून मोजायचा आणि एक अक्षर कमी द्यायचा.

"तुम्ही लोकांनी याला लाडावून ठेवलंय," ती म्हणाली.

"तो सांभाळून घेतो."

"आणि त्याचं मला निस्तरावं लागतं."

असं म्हणत तिने ते निस्तरलंही. ती काम करताना खालचा ओठ दातात धरायची. चष्मा सारखा पुसायची, आणि पुसायला काही सापडलं नाही की न विचारता माझा रुमाल ओढून घ्यायची. पहिल्यांदा तिने तो घेतला तेव्हा मी उरलेला दिवस दुसरं काही नीट केलं नाही.

आमच्या खोलीची खिडकी रस्त्याच्या पातळीला होती. तिच्यातून फक्त पाय दिसायचे. जेवताना आम्ही पायांवरून माणसं ओळखायचा खेळ खेळायचो.

"हा जावई," ती म्हणायची. "बळंच आणलाय भेटायला. बघ, पावलं कशी पडतायत."

"आणि ही?"

"ही मुलगी. हिला रडायचंय, पण आत जाऊन रडता यायचं नाही, म्हणून बाहेर थांबलीय."

त्या खिडकीतून हसरे पाय फारसे जायचे नाहीत.

ती 'तुम्ही'वरून 'तू'वर केव्हा आली ते मला कळलं नाही. मला 'सुतकी' मात्र ती तिसऱ्याच दिवसापासून म्हणायची. "सुतकी, चहा घेणार?" "सुतकी, जरा हस, फरक कमी झालेत." दारात डोकावणारे लोकही मग मला त्याच नावाने हाक मारू लागले. दुसऱ्या कुणी म्हटलं की तिला आवडायचं नाही.

घरी आई होती. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"रोज अर्धा परत येणारा डबा हल्ली चाटूनपुसून येतो," ती म्हणाली.

"भूक लागते."

"बरं. भुकेला घरी घेऊन ये एकदा. बघू दे मला."

मी नुसता हात धुवायला उठलो. काय सांगणार होतो? नोकरी जाणार, आणि जिच्यामुळे भूक लागते तीही जाणार. दोन्ही एकाच दिवशी.

संध्याकाळी तिच्या बाबांचा फोन यायचा. ती बाहेर जिन्यात जाऊन बोलायची, पण तिचा आवाज काही लपत नसे. "बाबा, वॉकर घेऊनच जिना उतरायचा. नाही, शोभेसाठी नाही दिलेला तो." बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरायचं होतं. घरी ते आणि तिची मावशी दोघंच. फोन झाला की ती आत येऊन थोडा वेळ नुसती बसायची.

"संपत आलंय ना आपलं?" एकदा तिने विचारलं.

"आलंय."

"छान," ती म्हणाली.

"हो... छान."

दोघांपैकी एकाच्याही आवाजात काही छान नव्हतं. रोज सकाळी आकडा खाली आला की मला आनंद व्हायला हवा होता. मी हाताने काम करत होतो आणि मनाने प्रत्येक फरकाला थोपवून धरत होतो.

असं करत करत एक दिवस फरक उरले ते मोजकेच. सगळे एकाच ठिकाणचे, हाडांच्या इंजेक्शनच्या विभागातले. त्या रुग्णांना महिन्याला एक इंजेक्शन असायचं. आज दिलं की पुढची तारीख फंक्शन काढून द्यायचं, आणि औषधांच्या खिडकीवर फक्त त्याच तारखेला औषध मिळायचं. काही थोड्या रुग्णांची तारीख जुना एक देत होता आणि नवा दुसरी. बहुतेकांची एका दिवसाने चुकत होती, काहींची तीन.

"महिना वाढवायचं फंक्शन तू तपासलं होतंस ना?" तिने विचारलं.

"तपासलंय. एकतीस जानेवारी घालून बघितली. फेब्रुवारीत एकतीस नाही, दोघांनीही फेब्रुवारीचा शेवटचा दिवस दिला. जुळलं."

"मग दुसरं काहीतरी असेल."

आम्ही ते दुसरं काहीतरी शोधायला लागलो. एक दिवस गेला, दोन गेले. आधी ती एखादा फरक हाती लागेपर्यंत जागची हलायची नाही. आता तिला घाई दिसत नव्हती. दुपार झाली की म्हणायची, "राहू दे, उद्या बघू." मी एखादी शंका काढली की ती खुर्ची जवळ ओढून बसायची, माझ्याबरोबर एकेक ओळ वाचायची, "इथे बघूया का?" म्हणायची, आणि तिथे काही नसायचं. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला असायचा. मला वाटलं, दमली असेल. बाबांची काळजी असेल. खरं सांगायचं तर मला काही विचारायचंच नव्हतं. खुर्ची तिथे होती तेवढं पुरे होतं.

आमच्या विभागप्रमुखांना सगळे घड्याळसाहेब म्हणत, कारण ते बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता मनगटाकडे बघायचे. आठवडा संपताना ते खाली आले.

"किती उरलेत?"

"थोडेच," मी म्हणालो. "पण कारण सापडत नाही."

"मग चारदोन फरकांनी काय बिघडतंय? परवा नवा सुरू करून टाकू." त्यांनी घड्याळ बघितलं आणि ते गेले.

मी तिच्याकडे बघितलं. ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घालत होतो. आई भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटत होती. नोव्हेंबर गेला, डिसेंबर आला.

"अगं, आज तीसच आहे," मी म्हणालो.

"मग? संपला की महिना."

"उद्या सकाळी उलटायचं ना."

"उद्या विसरते मी. आणि शेवटचा दिवस तो शेवटचा दिवस. तीस काय न् एकतीस काय."

मी एक बूट हातात घेऊन तसाच बसलो.

तीस नोव्हेंबरच्या पुढे एक महिना म्हणजे किती? तुम्ही म्हणाल, तीस डिसेंबर. नवा डेटाबेसही तेच म्हणत होता. जुना मात्र आईसारखा होता. तीस नोव्हेंबर हा महिन्याचा शेवटचा दिवस, मग पुढचाही शेवटचाच, एकतीस डिसेंबर. फेब्रुवारीच्या अठ्ठावीसवरून तो थेट मार्चच्या एकतीसवर जायचा. तेच ते तीन दिवस. मी एकतीस जानेवारी घालून बघितली होती, जिथे दोघांना दुसरा रस्ताच नव्हता. आमच्या धंद्यातले सगळे असंच करतात. अवघड दिसते ती तारीख तपासायची आणि सोपी सोडून द्यायची.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही. काम संपलं."

"मग असा का बसलायस, घरातलं कुणी गेल्यासारखा?"

बसस्टॉपवर मी एक बस सोडली. मग आणखी एक. मी बोललो नाही तर कुणाला कळणार होतं? ती आणखी काही दिवस शेजारी बसेल. पण घड्याळसाहेब उद्या नवा सुरू करणार होते. मग फेब्रुवारीअखेरचं कुणीतरी काठी टेकत लांबून येईल. डॉक्टरांच्या कागदावर जुन्या हिशेबाची तारीख, खिडकीवर नव्याची. आणि ते माणूस हात हलवत परत जाईल. त्याचे पाय आमच्या खिडकीतून दिसतील. तिसऱ्या बसमध्ये मी चढलो.

ती आधीच आली होती. पडदा अजून काळाच होता. कोट अंगात होता.

"सापडलं," मी म्हणालो.

ती वळली नाही.

"ते महिना वाढवायचं..."

"महिन्याचा शेवटचा दिवस," ती म्हणाली. "तीसवरून एकतीसवर जातो तुझा जुना."

मी उभाच राहिलो. "तुला आत्ता सापडलं?"

"नाही."

"मग?"

"आपण शोधायला लागलो त्याच दुपारी." ती चष्मा काढून पुसायला लागली. पुसायला काहीच नव्हतं, बोटानेच पुसत होती. "आज सांगणारच होते. जुना चालू होता तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. उद्या बिघडलं असतं."

"मग इतके दिवस आपण काय शोधत होतो?"

"तू कारण शोधत होतास."

"आणि तू?"

"मी बसले होते." तिचा आवाज बारीक झाला. "मला भीती वाटायची, तू लवकर शोधशील. तू इतका हुशार, आणि एवढं साधं तुला दिसेना. मनात म्हणायचे, बरंय, अजून नाही दिसलं. आणि तिकडे बाबा विचारायचे, केव्हा येतेस. त्यांना म्हणायचे, एक गोष्ट सुटत नाही."

मला खूप काही बोलायचं होतं. जे तोंडातून निघालं ते असं, "मी दोन बस सोडल्या."

"काय?"

"येताना. सांगू की नको, म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले, चष्मा लावला आणि कीबोर्ड पुढे ओढला. फंक्शन तिने न थांबता लिहिलं. तारीख महिन्याची शेवटची असेल तर उत्तरही शेवटचंच द्यायचं, नाहीतर नेहमीसारखं. एकदाही मागे जाऊन खोडलं नाही. किती दिवस ते तिच्या डोक्यात तयार होतं, हे मला तेव्हा दिसलं.

आम्ही दोन्हीकडून चालवलं आणि वाट बघत बसलो. खिडकीतून पाय जात होते. ते कुणाचे असतील, हे दोघांनीही सांगितलं नाही.

पडद्यावर शून्य आलं.

"अहवाल पाठवायला हवा," ती म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"थांब जरा," मी म्हणालो.

"थांबलेच आहे."

"मला बोलायला जमत नाही."

"ते माहीत आहे. पुढे?"

"मी तुझ्या गावाला आलो... तर तुझ्या बाबांना चालेल का?"

"बाबा वॉकरशीसुद्धा भांडतात, त्यांचं राहू दे. मला चालेल का ते विचार."

"तुला चालेल का?"

"कशाला येणार? काम शोधायला?"

"तुझ्याशी लग्न करायला. कामही शोधीन."

माझा हात तिने तिच्या कोटाच्या बाहीत ओढून घेतला, जणू त्याला थंडी वाजत होती. मग म्हणाली, "सुतकी, हे आधी विचारलं असतंस तर मला इतकं खोटं बोलावं लागलं नसतं."

"आधी विचारलं असतं तर चालेल म्हणाली असतीस?"

"पहिल्या आठवड्यात नाही. नावं गायब झाली होती तेव्हा डोकं फिरलं होतं माझं." ती थांबली. "दुसऱ्या आठवड्यात म्हणाले असते."

मग तिने अहवाल पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळसाहेबांच्या समोर जुना सर्व्हर बंद केला. त्याच्या पंख्याचा आवाज इतकी वर्षं कानात होता की तो थांबल्यावर खोली एकदम मोठी वाटली. मला वाईट वाटलं. ती शेजारी उभी होती, म्हणून सोसलं.

ती आठवड्याने गेली. मी मागून गेलो. आई कुरकुरत आली आणि भांडायला तिचे बाबा मिळाले म्हणून रमली. आमचा संसार झाला, चारचौघांसारखा. मूल झालं नाही. भांडणं झाली, अबोले झाले, अबोले तीच मोडायची. मग तिचा आजार आला. तेव्हा पुन्हा एका हॉस्पिटलात, पुन्हा बाकांवर आम्ही दिवस काढले. डॉक्टरांनी जे सांगितलं ते दोघांनाही नीट कळलं. तिथे कुणाला काही थोपवता आलं नाही.

लोक विचारतात, तिची कशाने जास्त आठवण येते? मी म्हणतो, सगळ्यानेच. ते खरंही आहे. पण मनात एकच गोष्ट असते. ती रोज सकाळी येऊन, उत्तर माहीत असताना, खुर्ची माझ्या खुर्चीला लावायची आणि तीच ओळ माझ्याबरोबर पुन्हा पहिल्यापासून वाचायची. "इथे बघूया का?" म्हणायची. तिथे काही नाही हे तिला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, आणि मी किती सुखात होतो, हेही ठाऊक नव्हतं.